कुनारच्या काठचा पाट: युद्धानंतरच्या नांगरहारमधला मरवारीद कालवा

अफगाणिस्तानच्या पूर्व टोकाला, पाकिस्तानच्या सीमेला लागून नांगरहार प्रांत आहे. जलालाबाद हे त्याचे मुख्य शहर. इथे वर्षाला जेमतेम २०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. नुसत्या पावसाच्या भरवशावर गहू येणे अवघडच. तरी या भागाला दुष्काळी म्हणावे, तर शहराजवळून दोन मोठ्या नद्या वाहतात. काबूल नदी पश्चिमेकडून येते. कुनार उत्तरेकडून येते. ती पाकिस्तानातल्या चित्रालच्या हिमनद्यांमधून निघते आणि सुमारे ४८० किलोमीटर वाहून जलालाबादजवळ काबूल नदीला मिळते. पुढे हे सगळे पाणी पुन्हा पाकिस्तानात शिरून अटकपाशी सिंधूला मिळते.

म्हणजे २००० सालच्या भीषण दुष्काळात नांगरहारची गावे ओस पडत होती, तेव्हाही कुनार वाहतच होती. टंचाई नदीत नव्हती, शेताच्या बांधावर होती. युद्धातून बाहेर पडणाऱ्या देशात सिंचनाचा प्रश्न येतो तेव्हा आपण लगेच 'पाणी किती आहे' असे विचारतो. नांगरहारचा अनुभव सांगतो की त्याआधी दुसरा प्रश्न विचारावा लागतो: पाटाचे तोंड पुराने उखडले तर ते पुन्हा कोण बसवणार, आणि कशाने? कुनारचे पाणी शेतात नेणाऱ्या मरवारीद कालव्याच्या उभारणीतले बहुतेक निर्णय याच प्रश्नातून निघाले, म्हणून हे प्रकरण इथे घेतले आहे.

नदी आणि गहू यांचे वेळापत्रक

अफगाणिस्तानातले ८० टक्क्यांहून अधिक पाणी हिंदुकुशच्या दोन हजार मीटरवरच्या उंचीवरून, बर्फातून येते. बर्फ हाच या देशाचा सर्वांत मोठा जलसाठा. कुनारला पूर येतो तो बर्फ वितळण्याच्या काळात, जून ते ऑगस्ट. हिवाळ्यात नदी आकसते आणि खोल पात्रात उतरते. गव्हाची पेरणी ऑक्टोबर-नोव्हेंबरात होते आणि काढणी मे महिन्याच्या सुमारास. गव्हाला पाण्याची गरज असते तेव्हा नदी खाली गेलेली असते, आणि ती दुथडी भरते तेव्हा गहू कापून झालेला असतो.

त्यामुळे पाटाच्या तोंडाकडून दोन उलट गोष्टींची अपेक्षा असते. हिवाळ्यातल्या खालच्या पाण्यालाही त्याने आत वळवले पाहिजे, आणि उन्हाळ्यातल्या पुरात वाहून जाता कामा नये, गाळाने बुजताही कामा नये. पिढ्यान् पिढ्या शेतकरी यावर एकच उपाय करत आले. दगड, झाडांच्या फांद्या आणि मातीची पोती यांचा एक दांडा नदीत तिरका काढायचा, पूर आला की तो जाणार हे धरून चालायचे, आणि पूर ओसरला की सगळ्यांनी मिळून तो पुन्हा घालायचा.

हे 'सगळ्यांनी मिळून' फार महत्त्वाचे. अफगाणिस्तानात या सामूहिक श्रमदानाला हशर म्हणतात. वर्षातून ठरलेल्या वेळी प्रत्येक घरातून माणूस येतो, पाटातला गाळ निघतो, दांडा उभा राहतो. पाण्याची पाळी कोणाची, किती वेळ, हे मीराब ठरवतो. त्याला जमीनधारक निवडतात आणि मोबदला बहुधा धान्यात देतात. आपल्याकडच्या पाटकऱ्याहून त्याचा अधिकार मोठा. भांडण मिटवणे आणि हशरला माणसे गोळा करणे हीसुद्धा त्याचीच कामे.

१९७९ नंतर हे सगळे विस्कटले. सोव्हिएत फौजा, त्यानंतर यादवी, त्यानंतर तालिबान. तीस लाखांहून अधिक अफगाण पाकिस्तानात निर्वासित झाले, आणि नांगरहारसारख्या सीमावर्ती प्रांतातून तर गावेच्या गावे उठून गेली. माणसेच नसतील तर हशर कोण करणार? पाट गाळाने भरले. नदीचे पात्र खोल गेले आणि पाटांची जुनी तोंडे पाण्याच्या पातळीपेक्षा वर लटकत राहिली. डोंगरउतारावरून पाणी आणणारे कारेझ ढासळले. कारेझ म्हणजे जमिनीखालून हळूहळू उतरत येणारे बोगदे. नहर-ए-अंबरी पाहिलेल्या वाचकाला त्यांची कल्पना सहज येईल. या बोगद्यांची दरवर्षी साफसफाई करावी लागते. दोन वर्षे चुकली की पाणी कमी होते, दहा वर्षे चुकली की बोगदाच मिटतो.

याच प्रांतात १९६० च्या दशकात सोव्हिएत मदतीने दारुंता धरण आणि नांगरहारचा मोठा कालवा झाला होता. संत्री आणि ऑलिव्हचे सरकारी मळे त्यावर उभे राहिले. योजना मोठी होती आणि त्या काळात ती चाललीही. पण ती चालवायला वीज, सुटे भाग, अभियंते आणि पगार देणारे सरकार लागत होते. युद्धात या चारही गोष्टी एकदम गेल्या.

विहिरींपासून सुरुवात

तेत्सु नाकामुरा हे जपानी डॉक्टर. जन्म १९४६, फुकुओका. कुष्ठरोग्यांवर उपचार करण्यासाठी ते १९८४ मध्ये पेशावरला आले. फुकुओकातली पेशावर-काई ही संस्था त्यांच्या पाठीशी उभी होती आणि सामान्य जपानी नागरिकांच्या वर्गण्यांवर ती चालत होती. १९९१ मध्ये त्यांनी सीमेपलीकडे, नांगरहारच्या दारा-ए-नूर खोऱ्यात दवाखाना उघडला.

२००० च्या दुष्काळात दवाखान्याच्या दारात माणसे येत होती ती बहुतेक गढूळ पाण्याची बाधा झालेली. सर्वाधिक बळी लहान मुलांचे जात होते. जुलाबाने अंगातले पाणी गेलेल्या, आधीच उपाशी असलेल्या मुलाला औषध देऊन काय होणार? शंभर डॉक्टरांपेक्षा एक कालवा जास्त जीव वाचवेल, असे नाकामुरा पुढे म्हणत. तो निष्कर्ष त्यांच्या दवाखान्यातच निघाला होता.

पहिला उपाय मात्र कालवा नव्हता, विहिरी होत्या. २००० पासून पुढच्या काही वर्षांत त्यांच्या चमूने पिण्याच्या पाण्यासाठी सुमारे १,६०० विहिरी खणल्या किंवा खोल केल्या, कारेझ साफ केले. गावे तगली. पण विहिरींची पातळी वर्षागणिक खाली जात राहिली आणि पुन्हा पुन्हा खोल खणावे लागले. मराठवाड्यात बोअरवेलच्या मागे धावलेल्या कोणालाही हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. इथे त्यांनी घेतलेला निर्णय मला सगळ्या प्रकरणातला सर्वांत शहाणा वाटतो. भूजल पिण्यासाठी राखायचे आणि शेतीसाठी नदीच्या पाण्याकडे वळायचे. विहिरींचे आकडे वाढत होते, देणगीदारांना ते दाखवता येत होते, काम नावाजले जात होते. अशा वेळी थांबून दिशा बदलणे सोपे नसते.

मार्च २००३ मध्ये कालव्याचे काम सुरू झाले. नाव मरवारीद. तोंड कुनारच्या काठावर जालीबाबा इथे, वाट खेवा जिल्ह्यातून, आणि शेवट गंबेरीच्या माळावर. गंबेरी म्हणजे तेव्हा निव्वळ वाळवंट. तिथून जाणारे वाटसरू तहानेने मरतात अशी त्याची ख्याती होती.

तोंडाची गोष्ट

नाकामुरा अभियंता नव्हते. कालव्याची गणिते करता यावीत म्हणून त्यांनी मुलीचे शाळेतले गणिताचे पुस्तक घेतले. जलशास्त्र शिकले, नकाशे स्वतः काढले, पुढे उत्खनन यंत्रही स्वतः चालवले. त्यांची जिद्द मोठी होती यात शंका नाही. पण तिच्या कौतुकात तांत्रिक भाग बाजूला पडतो, आणि शिकण्यासारखे खरे तिथेच आहे.

सुरुवातीला त्यांनी नदीत दांडा काढून पाणी वळवण्याचा प्रयत्न केला. कुनारच्या वेगापुढे आणि हिवाळ्यातल्या खालच्या पातळीपुढे तो पुरेसा ठरला नाही. उत्तर सापडले त्यांच्याच प्रांतात. फुकुओकाच्या असाकुरा भागात चिकुगो नदीवर यमादा नावाचा दगडी बंधारा आहे. तो १७९० मध्ये कोगा ह्याक्को नावाच्या गावप्रमुखाने बांधून घेतला. तेव्हा ना सिमेंट होते ना पोलाद. नदी मोठी, पुराची, खवळणारी. परिस्थिती कुनारसारखीच, आणि हाताशी असलेली साधनेही जवळपास नांगरहारच्या शेतकऱ्याइतकीच.

यमादाची युक्ती तिरकेपणात आहे. नदीला काटकोनात आडवा बांध घातला तर पुराचे सगळे पाणी त्या आखूड माथ्यावरून जाड थराने आणि जोराने कोसळते. खालचा तळ खरवडला जातो आणि बांध पायापासून उखडतो. बांध तिरका घातला की माथ्याची लांबी वाढते. तेवढेच पाणी जास्त लांबीवर पसरते, थर पातळ होतो, मारा कमी होतो. शिवाय बांधाची पाठ मोठमोठ्या दगडांनी लांबवर उताराची केलेली असते. त्यामुळे पाणी धबधब्यासारखे न पडता घसरत उतरते. हिवाळ्यात हाच ठेंगणा बांध पातळी थोडीशीच उचलतो, पण पाटात पाणी शिरायला तेवढे पुरते. शेजारी एक मोकळी वाट ठेवलेली असते, तिच्यातून गाळ आणि गोटे पुढे निघून जातात.

पाण्याच्या दारातही असाच विचार होता. लोखंडी दार वर उचलले की पाणी तळातून घुसते आणि नदीच्या तळाशी असलेली वाळू, गोटे सोबत आणते. मरवारीदच्या तोंडाशी लाकडी फळ्या खोबणीत एकावर एक रचलेल्या आहेत. कोल्हापुरी बंधाऱ्याचे बर्गे डोळ्यासमोर आणावेत. पाणी फळ्यांच्या वरून येते, म्हणजे नदीचे त्यातल्या त्यात निवळ पाणी. नदी चढली की फळ्या वाढवायच्या, उतरली की काढायच्या. फळ्यांच्या दोन ओळी आहेत, मध्ये पाण्याची उशी राहते आणि पडणाऱ्या पाण्याचा मार तळाला लागत नाही. पुढे गेल्यावर एक रुंद तळे लागते. तिथे प्रवाह मंदावतो, उरलेला गाळ बसतो आणि तळाच्या दाराने तो परत नदीत सोडता येतो.

या सगळ्यात वीज कुठेच नाही. मोटर नाही, परदेशातून मागवावा लागेल असा सुटा भाग नाही. फळी मोडली तर जलालाबादच्या सुताराकडून नवी आणता येते. धुळे-नाशिककडच्या वाचकांना पांझरा आणि मोसम नद्यांवरचे फड पद्धतीचे बंधारे माहीत असतील. तिथेही शतकानुशतके नदीचे पाणी ठेंगण्या दगडी बंधाऱ्याने वळवून, पाळीने, पाटकऱ्याच्या देखरेखीखाली शेतात गेले. या व्यवस्था टिकल्या, कारण मोडले तर गावालाच ते पुन्हा उभे करता येत होते.

पंचवीस किलोमीटर

कालवा सुमारे २५ किलोमीटर लांब आहे आणि तोंडापासून शेवटापर्यंत उतार सगळा मिळून सुमारे १७ मीटरचा. किलोमीटरला एक मीटरही नाही. उतार जास्त झाला तर काठ कापले जातात, कमी झाला तर गाळ बसतो. साध्या उपकरणांनी, डोंगराच्या कुशीतून, ओढे-नाले ओलांडत हा उतार सांभाळत न्यायचा होता. पहिला सुमारे १३ किलोमीटरचा टप्पा २००७ मध्ये झाला, आणि २०१० पर्यंत पाणी गंबेरीत पोचले.

काठांसाठी काँक्रीटच्या भिंती नाहीत. तारेच्या जाळीत दगड भरून केलेले गॅबियन आहेत. नांगरहारमध्ये दगड मुबलक, आणि दगड रचण्याचे कसब घराघरात, कारण तिथली घरेच दगड-मातीची. जाळ्या विणण्याची कार्यशाळा जागेवरच काढली. गॅबियनमागे विलोच्या, म्हणजे आपल्याकडच्या वाळुंजाच्या जातीच्या फांद्या रोवल्या. त्यांची मुळे दगडांच्या फटींतून शिरून सगळे घट्ट बांधतात. तार गंजून गेली तरी मुळे काठ धरून ठेवतील, असा हिशेब. काँक्रीटची भिंत तडकली की बाहेरून सिमेंट आणि कारागीर बोलवावा लागतो. गॅबियन खचले तर दगड पुन्हा रचता येतात. तळाला माती आणि सिमेंटचे मिश्रण ठोकून झिरपा कमी केला, एवढाच काय तो सिमेंटचा मोठा वापर.

डोंगरातून येणारे नाले ही मोठी डोकेदुखी. वर्षभर कोरडे, आणि वळवाच्या एका सरीत दगड-मातीचा लोंढा घेऊन येणारे. काही ठिकाणी पाट नाल्याखालून सायफनने नेला. काही ठिकाणी वाटेत तळी केली, म्हणजे लोंढा आधी तळ्यात पसरावा. या तळ्यांभोवती, काठांवर आणि पुढे गंबेरीत झाडे लावली गेली: विलो, तुती, ऑलिव्ह, आणि वाळू थोपवायला झाऊच्या जातीची. २०१९ पर्यंत लावलेल्या झाडांची संख्या दहा लाखांच्या आसपास गेली होती. वाळवंटात पाणी पोचल्यावर वारा ते वाळूने बुजवतो. वाऱ्याला अडवणारा झाडांचा पट्टा नसेल तर कालव्याचे शेवटचे काही किलोमीटर काही वर्षांत परत वाळवंटाचे होतात.

एक गोष्ट बहुतेक वृत्तांतांमध्ये येत नाही, ती निचऱ्याची. पाणी आल्याबरोबर सखल भागात पाणथळ होण्याची भीती असते, आणि कोरड्या प्रदेशात पाणथळ झाले की पाठोपाठ मीठ वर येते. आपल्याकडे कृष्णाकाठच्या उसाच्या पट्ट्यात किती जमीन अशीच क्षारपड झाली! गंबेरीत निचऱ्याचे मुख्य चर खणले गेले. पाणी देण्याइतकेच ते काढून टाकण्याचेही नियोजन झाले. मला तरी हे बंधाऱ्याइतकेच मोलाचे वाटते.

माणसे

खोदकामावर स्थानिक माणसे होती. परत आलेले निर्वासित, भूमिहीन, आणि आदल्या वर्षापर्यंत कोणाच्या ना कोणाच्या बाजूने बंदूक उचललेले. रोजची मजुरी रोख मिळत होती. घरात धान्य नसलेल्या तरुणासमोर तेव्हा तीनच वाटा होत्या: पाकिस्तानात मजुरी, कोणत्या तरी टोळीची बंदूक, किंवा अफूची शेती. नांगरहार हा तेव्हा अफूचा मोठा प्रांत. अफू थोड्या पाण्यात रोख पैसा देते, तिथे गहू लावा असे नुसते सांगून कोणी लावत नाही. पाणी आले तर तो गहू लावेल, आणि पाणी यायला आधी मजुरी हवी, असा हा क्रम आहे. कालवा पुरा होण्याआधीच त्याच्यावर काही हजार कुटुंबे जगली, हा फायदा हेक्टरच्या हिशेबात येत नाही.

काम सुरक्षित नव्हते. २००३ मध्ये खडक फोडण्यासाठी लावलेल्या सुरुंगांना हल्ला समजून अमेरिकी हेलिकॉप्टरने कामाच्या जागेजवळ गोळीबार केला. ऑगस्ट २००८ मध्ये शेतीचे काम पाहणारे काझुया इतो या ३१ वर्षांच्या जपानी कार्यकर्त्याचे अपहरण होऊन हत्या झाली. त्यानंतर बाकीच्या जपानी सहकाऱ्यांना परत पाठवले गेले, नाकामुरा राहिले. परदेशी माणसे गेल्यावर काम पुढे नेण्याचा भार अफगाण अभियंते, मुकादम आणि यंत्रचालकांवर आला. भीषण प्रसंगातून का होईना, हस्तांतर तिथे खऱ्या अर्थाने सुरू झाले.

कालव्यालगत मशीद आणि मदरसाही बांधला गेला, २०१० मध्ये तो पुरा झाला. परदेशी मदतीच्या पैशातून मदरसा हे त्या काळात अनेकांना पटण्यासारखे नव्हते. पण नांगरहारच्या खेड्यात पाण्याचा तंटा मिटतो तो मशिदीत जमलेल्या वडीलधाऱ्यांच्या बैठकीत. पाण्याची पाळी पाळायची असेल तर ती ज्यांच्या शब्दावर पाळली जाते त्यांना बसायला जागा हवी. पाणीवापर संस्थेचा फलक लावून हे साधले नसते. २००९ च्या अफगाण जलकायद्याने मीराबांना मान्यता देत पाणीवापर संस्थांची तरतूद केली, पण कागदावरच्या संस्थेपेक्षा गावात आधीपासून असलेल्या अधिकाराला धरून चालणे या कामाला जास्त फळले.

मग समोरचा काठ. नदीत एका बाजूने बंधारा घातला की पाण्याचा रोख बदलतो आणि समोरच्या किनाऱ्याची जमीन तुटू शकते. मरवारीदच्या तोंडासमोर पलीकडे काश्कोट आहे. २०१० च्या उन्हाळ्यात सिंधू खोऱ्यात जो महापूर आला त्याने कुनारही खवळली, आणि काश्कोटच्या पाटाची वाताहत झाली. तेव्हा दोन काठांचे दोन स्वतंत्र बंधारे न ठेवता नदीच्या पूर्ण रुंदीत सलग एकच बंधारा करायचा ठरले. मरवारीद आणि काश्कोट दोन्हींना पाणी मिळेल असा तो बांधला गेला. जपानच्या जायका या सरकारी संस्थेचा निधी या काळात आला. एकाच नदीवर एकाचा फायदा दुसऱ्याचे नुकसान होऊ नये, यासाठी इथे कोणी करार लिहून घेतला नाही. दोघांनाही एकाच दगडी रचनेवर अवलंबून ठेवले. आता ती रचना सांभाळण्यात दोन्ही काठांचा स्वार्थ आहे.

आकडे कसे वाचायचे

पेशावर-काईचा दावा असा की त्यांच्या सगळ्या कामांतून सुमारे १६,५०० हेक्टर जमिनीला पाणी मिळते आणि सहा लाखांहून अधिक लोकांचे पोट त्यावर चालते. हा आकडा सगळीकडे उद्धृत होतो, आणि बहुतेक वेळा 'वाळवंटाचे नंदनवन' या मथळ्याखाली. तो नीट उलगडून पाहायला हवा. मरवारीद कालव्याखाली येते ते यातले सुमारे ३,००० हेक्टर. मोठा वाटा कामाचा आहे, सुमारे ७,००० हेक्टर. कामा हे इथे जिल्ह्याचे नाव. त्याखेरीज बेहसूद, काश्कोट, मिरान अशी इतर ठिकाणे. ही बहुतेक जुनी बागायत जमीन. तिचे पाट जुने, मीराब जुने, पाळ्या ठरलेल्या. फक्त तोंड नदीपासून तुटले होते. तिथे तिरका बंधारा आणि फळ्यांचे दार बसवले आणि अख्खा जिल्हा पुन्हा भिजला.

गंबेरीतले हिरवे रान डोळ्यांत भरते, छायाचित्रात शोभते. पण कामा जिल्ह्यात हेक्टरमागे खर्च आणि वेळ यांच्या मोबदल्यात मिळालेला लाभ कितीतरी मोठा आहे. युद्धानंतरच्या देशात पैसा मर्यादित असताना नवा कालवा आधी की जुन्या पाटांची तोंडे आधी, असा प्रश्न आला तर नांगरहारचा पुरावा निःसंशय दुसऱ्या बाजूचा आहे. मरवारीदवर शिकलेले तंत्र कामा जिल्ह्यात उपयोगी पडले हे खरे. पुढच्या माणसाला मात्र ते शिकायला २५ किलोमीटर खणण्याची गरज नाही.

नवीन जमिनीचा आणखी एक प्रश्न असतो. कोरड्या माळाची मालकी कोणी फारशी विचारत नाही. पाणी आले की किंमत चढते आणि हक्क सांगणारे पुढे येतात. जुन्या लाभक्षेत्रात कोणाची वहिवाट कुठवर हे सगळ्यांना माहीत असते. नव्या ठिकाणी ते ठरवावे लागते, आणि ठरवणारी सत्ता दुबळी असेल तर बळी तो कान पिळी.

ज्या गोष्टी इथून उचलता येणार नाहीत

४ डिसेंबर २०१९ रोजी जलालाबादमध्ये नाकामुरांच्या गाडीवर गोळीबार झाला. ते आणि त्यांच्यासोबतचे पाच अफगाण मारले गेले. दोनच महिने आधी, ऑक्टोबरमध्ये अफगाण सरकारने त्यांना सन्माननीय नागरिकत्व दिले होते. मन विषण्ण करणारी ही घटना प्रकरणाच्या अभ्यासातही टाळता येत नाही. एका माणसाभोवती उभे राहिलेले काम त्याच्यानंतर चालते का, याची ती परीक्षा होती. काम चालले. त्यांनी उभी केलेली पीएमएस ही अफगाण कर्मचाऱ्यांची संस्था टिकली. ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबान सत्तेत परतल्यावर काम काही काळ थांबले, मग पुन्हा सुरू झाले. निर्बंधांमुळे देशात पैसे पाठवणेच अवघड झाले होते, तरीही. बंधारे कसे बांधावेत याची मार्गदर्शिका नाकामुरांच्या हयातीतच लिहिण्याच्या वाटेवर होती आणि मिरानमध्ये प्रशिक्षण केंद्र उभे होते, त्याचा उपयोग झाला.

पण मर्यादा स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. पहिली नदीची. कुनार बारमाही आहे, मोठी आहे. मरवारीद कालवा सेकंदाला पाच-सहा घनमीटर पाणी घेतो, नदीच्या मानाने ते नगण्य. त्यामुळे वरच्याने घेतले म्हणून खालच्याला उरले नाही, हा तंटा इथे फारसा उद्भवला नाही. देशाच्या दक्षिण आणि पश्चिम भागात, हेलमंद, फराह, नीमरोजमध्ये, नदीत पाणीच कमी आहे. तिथे गेल्या दशकभरात हजारो शेतकऱ्यांनी सौर पंप बसवून खोल बोअरमधून पाणी उपसायला सुरुवात केली. डिझेलचा खर्च नाही, म्हणून पंप दिवसभर चालू. भूजल झपाट्याने खाली जाते आहे. तिथे तिरका बंधारा काय कामाचा? तिथला प्रश्न उपसा रोखण्याचा आहे, आणि मीराबाचा अधिकार पाटावर चालतो, स्वतःच्या बोअरवर नाही.

दुसरी सीमेची. कुनार आणि काबूल नद्यांच्या पाण्याबाबत अफगाणिस्तान आणि पाकिस्तानमध्ये कोणताही करार नाही. इराणशी हेलमंद नदीबाबत १९७३ चा करार आहे, आणि तो असूनही २०२३ मध्ये सीमेवर गोळीबार झाला. लहान बंधाऱ्यांकडे आजवर कोणी फारसे लक्ष दिले नाही. मोठे धरण बांधायला निघाले तर तसे राहणार नाही. दरम्यान उत्तरेत आमूदर्यावर २०२२ पासून तालिबान सरकार कोश तेपा नावाचा २८५ किलोमीटरचा कालवा खणते आहे. तो मुख्यतः कच्चा मातीचा. आमूदर्याच्या खालच्या अंगाला उझबेकिस्तान आणि तुर्कमेनिस्तान आहेत आणि त्यांचा कापूस याच पाण्यावर येतो. इतक्या लांबीच्या कच्च्या कालव्यातून किती पाणी वाळूत झिरपेल आणि निचऱ्याविना किती जमीन खारवेल, याची काळजी करण्यासारखी परिस्थिती आहे. मरवारीदच्या तळाला ठोकलेला माती-सिमेंटचा थर आणि गंबेरीतले चर आठवतात ते इथे.

तिसरी मर्यादा या कामाच्या चाहत्यांना ऐकायला आवडत नाही. बंधाऱ्याची रचना गावकऱ्यांना दुरुस्त करता येण्याजोगी आहे, असे म्हटले जाते. फळ्या, गॅबियन, गाळ काढणे, झाडांची निगा यांबाबत ते पूर्ण खरे आहे. पण बंधाऱ्याच्या पाठीवरचे दगड माणसाच्या उंचीचे, काही त्याहून मोठे. मोठ्या पुरात ते सरकले तर हशरला शंभर माणसे आली तरी ती हातांनी परत बसवू शकत नाहीत. त्यासाठी उत्खनन यंत्र, ट्रक आणि डिझेल लागते, आणि हिवाळ्यात पाणी खाली असते त्या मोजक्या आठवड्यांतच लागते. आजवर हा खर्च मुख्यतः जपानी वर्गणीदारांनी उचलला आहे. पाळीमागे धान्याचा ठरावीक हिस्सा जमा करून कामा आणि खेवाच्या शेतकऱ्यांना एक-दोन यंत्रांचा वार्षिक खर्च भागवता येईल, इतके उत्पन्न आता त्या जमिनीतून येते. मीराबाला धान्य द्यायची रीत तिथे आहेच. ती रीत यंत्राच्या डिझेलपर्यंत वाढवण्याचे काम अभियंत्याचे नाही, जिरग्याचे, म्हणजे वडीलधाऱ्यांच्या बैठकीचे आहे. वर्गणीचा ओघ चालू असेपर्यंतच ते करून घ्यायला हवे.